ठकी आणि बंड्याचं नवीन खाणं : चार महिने ट्राय करून मग लिहितेय

फेब्रुवारीत आमच्याकडे मांजरांच्या खाण्यावरून जे झालं ते दुसऱ्या कोणाच्या घरी होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितेय. थोडं लांबेल पण ज्यांच्याकडे खाण्याच्या बाबतीत हटून बसणारं मांजर आहे त्यांनी प्लीज पूर्ण वाचा.

आमच्याकडे दोघं आहेत. ठकी सहा वर्षांची, वजन ३ किलो ४००, पार्किंगमध्ये पावसात स्कूटरखाली सापडली होती. बंड्या चार वर्षांचा, पाच किलोच्या वर. दोघांची नसबंदीची ऑपरेशनं झालीयेत, दोघं घरातच असतात, बाहेर सोडत नाही. आम्ही पुण्यात सिंहगड रोडला राहतो आणि घर पूर्ण शाकाहारी आहे, अंडंसुद्धा येत नाही, सासूबाईंचं सोवळंओवळं व्यवस्थित असतं. त्यामुळे चिकन उकडून घाला, मासळी आणा हे सल्ले चांगले असले तरी आमच्या उपयोगाचे नाहीत, जे काय मिळेल ते पाकिटातलंच.

तर तीन वर्षं दोघं एकच कोरडं खाणं आवडीने खात होते. कुठल्या कंपनीचं ते लिहीत नाही. एक दिवस नवीन पिशवी फोडली, डब्यात ओतली आणि मला ओततानाच आवाज वेगळा वाटला. बघते तर आधीचे दाणे चपटे तिकोनी होते ते आता गोल आणि जाड. वासही बदललेला. पिशवी तीच, रंग तोच, फक्त कोपऱ्यात बारीक अक्षरात नवीन फॉर्म्युला असं लिहिलेलं. बंड्याने दोन दाणे तोंडात घेतले आणि खाली टाकले. ठकीने वास घेतला आणि मग बशीशेजारची फरशी पंजाने ओढायला लागली, लिटरमध्ये म्हणजे शी-शूच्या वाळूच्या ट्रेमध्ये शी झाकतात ना अगदी तशी, डावीकडून तीन-चार वेळा, मग उजवीकडून, आणि निघून गेली.

सगळ्यांनी सांगितलं भूक लागली की झक मारत खाईल, आणि मलाही तेच वाटलं. बंड्याने रात्री थोडं खाल्लं. ठकीने नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं, कपाटावर बसून राहिली, हाक मारली तर नुसता कान हलवायची. तेव्हा घाबरून डॉक्टरकडे नेलं. त्यांनी आधी तपासलं, वेट्सकडे मिळते ती मऊ पेस्ट सिरिंजने हळूहळू भरवली आणि मग मला समजावून सांगितलं ते तुम्हालाही सांगते. मांजर खायचं थांबलं की शरीर साठवलेली चरबी लिव्हरकडे पाठवायला लागतं, मांजराच्या लिव्हरला ती एकदम एवढी पेलवत नाही, मग चरबी तिथेच साठत जाते, कावीळ होते, ह्याला हेपॅटिक लिपिडोसिस म्हणतात आणि त्यात जीव जाऊ शकतो. जाड मांजराला धोका जास्त, आणि दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तरी सुरुवात होऊ शकते. कुत्रा एखादा दिवस रुसला तर चालून जातं, मांजराशी उपासाची पैज लावायची नाही. पूर्ण दिवस मांजराने काहीच खाल्लं नाही तर फोन करायचाच, असं त्यांनी बजावलं. शिवाय दात दुखतोय का, तोंडात फोड आहे का, सर्दी होऊन नाक चोंदलंय का हे बघितल्याशिवाय मांजर नखरे करतंय असं म्हणायचं नाही. नाक बंद असलं की वास येत नाही आणि वास आला नाही की मांजर खात नाही, इतकं सरळ आहे ते. ठकीचे दात वगैरे सगळं ठीक होतं. तिला फक्त ते खाणं नको होतं.

मग माझा शोध सुरू झाला. आधी घरातल्या घरात एक मोठी चर्चा झाली ती सांगते, कारण शाकाहारी घरात मांजर असलेल्या खूप जणांना हा प्रश्न पडतो. सासूबाई म्हणाल्या कशाला ती पाकिटं, वाईला आमच्या वाड्यात मांजरं दूधभातावर वाढली, चांगली पंधरा पंधरा वर्षं जगली. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण त्या वाड्यात धान्याची कोठी होती, कोठीत उंदीर होते, माळ्यावर पाली होत्या. दूधभात वरचा होता, खरं जेवण मांजर आपलं आपण मिळवत होतं. आमची ठकी तिसऱ्या मजल्यावर काय मारणार, फार तर एखादा पतंग. मांजराला टॉरीन नावाचा घटक लागतो, तो मांस-मासळीतून मिळतो, आणि मांजराचं शरीर तो स्वतः पुरेसा बनवू शकत नाही. तो कमी पडला तर डोळ्याचा पडदा खराब होतो आणि हृदय मोठं होऊन कमजोर पडतं. १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या डॉक्टरांनी हे हृदयाचं शोधून काढलं, आणि विशेष म्हणजे त्यातली मांजरं कंपन्यांचं विकतचं खाणं खाणारी होती, टॉरीन दिल्यावर ती सुधारली. त्यानंतर कंपन्यांनी खाण्यातलं टॉरीन वाढवलं. व्हिटॅमिन ए चं पण तसंच, आपण गाजरातून बनवू शकतो, मांजर नाही बनवू शकत. म्हणून दहीभात, पोळी-दूध, पनीर ह्यावर मांजर ठेवणं म्हणजे त्याला हळूहळू आजारी पाडणं आहे. आणि मोठ्या मांजराला दूध बहुतेक वेळा पचतही नाही, जुलाब होतात. हे सगळं मी सासूबाईंना नीट समजावून सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या मग जे तिच्या जिवाला लागतं ते आण, फक्त ओट्यावर नको. बाल्कनीत तिची वेगळी बशी, वेगळा चमचा, धुवायला वेगळं घमेलं. तेव्हापासून तसंच चाललंय.

आता लेबल. पाकिटावर पुढे काय छापलंय, सॅल्मन उडी मारतोय की मांजर जीभ चाटतंय ते सोडून द्या. मागे बघा. पहिलं म्हणजे हे पूर्ण आहार आहे की पूरक. कम्प्लीट लिहिलेलं असेल तर रोजचं जेवण म्हणून चालतं, कॉम्प्लिमेंटरी किंवा ट्रीट लिहिलेलं असेल तर ते तोंडी लावणं. नुसत्या ट्यूनाच्या फोडी आणि पाणी असलेले सुंदर सुंदर डबे मिळतात, मांजरं वेड्यासारखी खातात, पण त्यातले खूपसे पूरकच असतात. मी पहिल्या आठवड्यात असेच चार डबे आणले होते, दुकानात कोणी सांगितलं नाही, घरी येऊन चष्मा लावून वाचलं तेव्हा कळलं.

दुसरं म्हणजे प्रोटीनचा आकडा. इथे खूप जण फसतात, मी पण फसले. ओल्या खाण्याच्या पाउचवर प्रोटीन १० टक्के आणि कोरड्याच्या पिशवीवर ३० टक्के बघून वाटतं कोरडं तिप्पट चांगलं. पण पाउचमध्ये ८२ टक्के पाणीच आहे. म्हणजे १०० ग्रॅममध्ये पाणी सोडून १८ ग्रॅम उरतं आणि त्यातलं १० ग्रॅम प्रोटीन, म्हणजे ५५ टक्के झालं. कोरड्यात पाणी १० टक्के, उरलेल्या ९० मधलं ३० म्हणजे ३३ टक्के. असा पाणी वजा करून हिशोब करायचा. अमेरिकेतल्या आफको संस्थेच्या निकषात ह्याच हिशोबाने मोठ्या मांजराला किमान २६ टक्के आणि पिल्लांना ३० टक्के प्रोटीन सांगितलंय. किमान म्हणजे किमान, त्याच्या वर असलेलं घ्या.

आता आवडीनिवडीचं. मांजराला गोड चव कळतच नाही. २००५ मध्ये फिलाडेल्फियाच्या मोनेल सेंटरच्या लोकांनी त्याचं कारण शोधलं, गोड ओळखणारा एक जीनच मांजरांमध्ये बंद पडलेला असतो. जिभेवर चव घेणारे ठिपकेही आपल्यापेक्षा खूपच कमी. मग मांजर निवडतं कशावरून, तर वास, तोंडात घेतल्यावर ते कसं लागतं, आणि ते किती कोमट आहे ह्यावरून. हे मला आधी माहीत असतं तर माझे निम्मे पैसे वाचले असते, कारण मी चिकन की ट्यूना, ट्यूना की मॅकरेल असे फ्लेवर बदलत बसले होते आणि ठकीचा मुद्दा फ्लेवरचा नव्हताच.

तिचा मुद्दा काय आहे ते असं कळलं. व्हिस्कसचे दोन पाउच आणले होते, एक चिकन ग्रेव्ही, एक ट्यूना जेली. ग्रेव्हीवाल्यातली ठकीने सगळी ग्रेव्ही चाटून घेतली, बशी अशी चकचकीत केली, आणि फोडी एका बाजूला जशाच्या तशा. मला वाटलं चिकन नकोय. म्हणून दुसरं, मिओचं आणलं, ट्यूना जेली. ती जेली काट्याने थोडी मोडून घातली तर जेलीसकट सगळं संपवलं. मग परत व्हिस्कसची ट्यूना जेली तशीच मोडून दिली, तीही संपली. मग मी एक केलं, चिकन ग्रेव्हीच्या फोडी काट्याने दाबून दाबून अगदी बारीक केल्या, ग्रेव्हीत कालवल्या आणि तेच चिकन तिने खाल्लं! म्हणजे तिला सुट्या घट्ट फोडी चावायला नको आहेत, काहीतरी ओलसर सलग असं पाहिजे. कंपनी कुठलीही असो, चिकन असो ट्यूना असो. आणि बंड्याचं बरोब्बर उलटं. त्याला कुरकुरीत काहीतरी दाताखाली लागलं पाहिजे, पाउच दिला तर दोन चाटे मारून माझ्याकडे बघत बसतो.

म्हणून माझं मत सांगते, आणि हे मी चार महिने बघून सांगतेय. ब्रँड बदलण्याआधी पोत बदलून बघा. जेली, ग्रेव्ही, पातळ क्रीम, एकजीव वडीसारखं दाबलेलं, छोटा दाणा, मोठा दाणा, चपटा दाणा. प्रत्येकाचं एकेक छोटं पाकीट आणा. वही ठेवा. मी ठेवली होती, तारीख, काय दिलं, किती ग्रॅम दिलं, किती उरलं, उलटी झाली का, शी कशी होती. पंधरा दिवसांत त्या वहीतून मला जे दिसलं ते नुसतं बघून कधीच कळलं नसतं.

अजून एक पद्धत वापरली, कंपन्या पण खाणं तपासताना हेच करतात. दोन सारख्या बशा, दोन्हीत सारख्या वजनाचं वेगवेगळं खाणं, शेजारी शेजारी ठेवायचं, वीस मिनिटांनी उचलून वजन करायचं. दुसऱ्या दिवशी बशांच्या जागा बदलायच्या, कारण काही मांजरं डावीकडचीच बशी आधी खातात, बंड्या खातो. चार दिवस केलं की खरी आवड कळते. किचनमधला छोटा वजनकाटा पुरतो.

कोमट करायचं विसरू नका. ह्याने आमच्याकडे खूप फरक पडला. फ्रीजमधून काढलेलं गार खाणं ठकी हुंगत पण नाही. उंदीर मारला तर तो अंगाच्या उबेचाच असतो ना, साधारण ३७-३८ डिग्री, मांजराला तेवढी ऊब बरी वाटते आणि उबेने वासही सुटतो. पाउच न फोडता वाटीभर गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवायचा, मायक्रोवेव्हमध्ये पाउच टाकायचा नाही, त्यात फॉइल असतं. बोट लावून बघायचं, चटका नको. आमच्याकडे हे काम आता सासूबाई करतात. त्या खाण्याला हात लावत नाहीत, पण सकाळी स्वतःच्या चहाचं आधण ठेवतात तेव्हा एका जुन्या वाटीत बाजूला गरम पाणी काढून ठेवतात आणि मला हाक मारतात, ठकीचं पाणी निवतंय गं. आधण चढलं की ठकी पण ओट्याखाली येऊन बसते, तिला तो आवाज माहितीये.

माझी एक मोठी चूक झाली ती लिहिते. ठकीला एक खाणं मनापासून आवडलं होतं, सहा दिवस छान खात होती, आणि सातव्या दिवशी मी जंताची गोळी कुटून त्यात कालवली. एक घास घेतला, तोंडाला फेस आणला, पळाली. त्या दिवसापासून ते खाणं बंद ते बंदच, गोळी नसलेलं दिलं तरी बशीशेजारी फरशी ओढायला सुरुवात. मांजर वाईट अनुभव त्या वासाशी जोडून ठेवतं, म्हणून नवीन जेवणात औषध कधी म्हणजे कधीच घालू नका. औषधासाठी वेगळी गोष्ट ठेवा. आम्ही आता शीबा मेल्टी वापरतो, १२ ग्रॅमच्या चार नळ्या असतात एका पाकिटात, पातळ क्रीम, गोळी त्याच्यात लपते. ते पूरक आहे, जेवण नाही, पण त्या कामाला मस्त आहे. ठकी एरवी माझ्या मांडीवर कधीच येत नाही, नळी फोडली की येते आणि पुढचे दोन्ही पंजे माझ्या मनगटावर ठेवून चाटते.

जुन्यावरून नव्यावर जाताना सात ते दहा दिवस घ्या. आधी पाव भाग नवीन पाऊण जुनं, मग अर्धं-अर्धं, मग उलटं. पोट बिघडत नाही. पण हटवादी मांजराला एकत्र मिसळलेलं चालतंच असं नाही, मिसळलं की जुनंही सोडून देतात, मग दोन वेगळ्या बशा ठेवा आणि जुनं हळूहळू कमी करा. ठकीचं तसंच केलं. नवीन खाण्याची बशी नुसती शेजारी ठेवलेली असायची, तिसऱ्या दिवशी तिने त्यातला एक घास घेतला.

आता शेवटी काय ठरलं ते. बंड्यासाठी रॉयल कॅनिन स्टरिलाइज्ड ३७, ऑपरेशन झालेल्या मांजरांचं. दोन किलोची पिशवी दीड हजाराच्या वर जाते, महाग आहे हे खरंय, पण तो दाणा त्याला आवडला, चावून खातो, आधी अख्खे गिळून मग उलटी करायचा ते थांबलं. मोजून देते, दिवसाला ५५ ते ६० ग्रॅम, कारण ऑपरेशननंतर मांजरं वजन पटकन धरतात आणि बंड्या आधीच भरलेला आहे. शिवाय संध्याकाळी अर्धा पाउच पाणी घालून पातळ करून देते, तो तेवढं पाणी तरी पितो. बोक्याला ओलं द्यायचं कारण म्हणजे त्यांची लघवीची नळी अरुंद असते, पाणी कमी पडलं की खडे, चिकटा जमून ती बंद होऊ शकते. बोका सारखा लिटरमध्ये जाऊन बसतोय आणि लघवी होत नाहीये असं दिसलं तर सकाळची वाट न बघता रात्रीच पळा डॉक्टरकडे. मांजरांचे पूर्वज वाळवंटातले, तहान त्यांना कमीच लागते, जेवणातून पाणी गेलं तर उत्तम.

ठकीसाठी व्हिस्कस आणि मिओ दोन्हीची ट्यूना जेली आलटून पालटून, दिवसाला दोन पाउच, आणि रात्री मूठभर नाही, मोजून १५ ग्रॅम कोरडं बंड्याच्यातलंच, पाण्यात दहा मिनिटं भिजवून. मुद्दाम दोन कंपन्या ठेवल्यात. एकाच खाण्यावर तीन वर्षं ठेवलं आणि त्यांनी रेसिपी बदलली की काय होतं ते बघितलंय मी. दोन-तीन वेगवेगळी खाणी तिला ओळखीची असली पाहिजेत, एक बंद झालं तर दुसरं आहे. ज्यांच्याकडे आत्ता पिल्लू आहे त्यांनी तर लहानपणीच चार प्रकारचे पोत चाखवून ठेवा, मोठेपणी नवीन काही शिकवणं फार अवघड जातं.

खर्च सांगते स्पष्टच. पाउच ८०-८५ ग्रॅमचा साधारण पन्नासच्या आसपास पडतो, म्हणजे ठकीचे महिन्याला तीन हजार झाले. आधी दोघांचं मिळून कोरड्यात दीड हजारात भागायचं. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नका, चांगलं पूर्ण आहार असलेलं कोरडं खाणं भिजवून द्या, वर अर्धा पाउच, बाकी पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवा. लोक म्हणतात कोरड्याने दात साफ होतात, पण साधा दाणा चावून दात काही फार साफ होत नाहीत, त्यासाठी घासावे लागतात किंवा खास दातांसाठीचंच खाणं मिळतं.

दुकानाबद्दल. मी घेते ते आमच्या गल्लीच्या टोकाचं छोटं दुकान आहे, दादा स्वतः मांजरवाले आहेत आणि एकेक पाउच सुटा देतात, अख्खा बॉक्स घ्या म्हणत नाहीत. एक्स्पायरीला दोन महिन्यांपेक्षा कमी राहिलं असेल तर स्वतःहून सांगतात. ह्याच्यासाठी मी ऑनलाइनचे दहा-वीस रुपये सोडते. दुसऱ्या एका दुकानातून सुरुवातीला सुटं कोरडं घेतलं होतं, मोठ्या उघड्या पोत्यातून पाव किलो तोलून दिलेलं, तर ते दोघांनी हुंगलंसुद्धा नाही. मी स्वतः वास घेऊन बघितला, जुन्या तेलाचा येतो तसा खवट. दाण्यावर चरबी फवारलेली असते, हवा लागली की ती खवट होते, आणि आपल्याआधी ते मांजराला कळतं. त्या सुट्या मालावर तारीखही नसते. सुटं घेऊ नका. घरी पण पिशवीतून डब्यात ओतण्यापेक्षा अख्खी पिशवीच हवा दाबून काढून, तोंड गुंडाळून, चिमटा लावून डब्यात ठेवा, तारीख आणि बॅच नंबर पण हाताशी राहतो. दीड महिन्यात संपेल एवढीच पिशवी घ्या, सात किलोची स्वस्त पडते म्हणून मोह होतो पण एकदोन मांजरांसाठी नको.

उघडलेला पाउच फ्रीजमध्ये, झाकण लावून, दुसऱ्या दिवसापर्यंत संपवायचा. बशीत ओलं खाणं उन्हाळ्यात तासाभरापेक्षा जास्त ठेवत नाही. मुंग्यांचं तर विचारू नका, बाल्कनीत बशी ठेवली की पाच मिनिटांत रांग, मांजर मुंग्या लागलेलं खात नाही. म्हणून एका जुन्या परातीत पाणी आणि मधे बशी. बशी पसरट आणि स्टीलची किंवा चिनीमातीची, प्लॅस्टिकला वास धरतो. आणि लिटरच्या जवळ जेवणाची जागा ठेवायची नाही, आपण ठेवू का?

सुकी मासळी वर भुरभुरायचा सल्ला खूप जण देतात, शेजारच्या मालवणच्या काकूंनी प्रेमाने जवळा आणून दिला होता. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले बिनमिठाचा असेल तर चिमूटभर कधीतरी चालेल, खारवलेलं अजिबात नको. आणि आपल्या जेवणातलं काही देताना कांदा-लसूण नाही ना बघा, मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी त्याने फुटतात, आमटीचं पाणी, रस्सा, मासळीचं कालवण हे सगळं त्यात आलं. गावाकडे मांजरांना रस्साभात घालतात, माझ्या माहेरीही घालायचे, कोणाला माहीत नव्हतं.

जुन्या खाण्याची ती पिशवी, पावणेतीन किलो उरली होती. कंपनीला मेल केला, उत्तर आलं की दर्जा तोच आहे. असेल. खालच्या पार्किंगमधल्या मांजरांना रोज थोडं थोडं घातलं, त्यांनी मजेत खाल्लं.

काल बंड्याची नवीन पिशवी आणली. आधीच्या पिशवीतले दहा-बारा दाणे मी एका डबीत बाजूला काढून ठेवते आता, ते आणि नवीन दाणे तळहातावर शेजारी शेजारी धरून बघितले, आकार तोच, रंग तोच, वास तोच. मग ओतलं. बंड्या खात होता आणि ठकी तिच्या वाटीशी ओट्याखाली बसली होती, सासूबाईंनी अजून गॅस लावला नव्हता.